पांढऱ्या गाडीजवळच्या बायका

मामा, तुमच्या तेरवीला आलेली माणसं पांगली, मंडपवाल्यानं सतरंज्या उचलून नेल्या आणि मी सावनेरहून नागपूरला परत आले. कॉलेज सुरू आहे. शिकवते, घरी येते, चहा टाकते. रोज एकदा तरी मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला सुरुवात करते आणि पहिल्या वाक्यानंतर अडते. पुढचं वाक्य मला सात वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही समोर खुर्चीत बसून ऐकू शकत होतात तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही. आता लिहायला बसले, तर तेही तुम्ही गेल्यावर.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. कोळसा खाणीच्या ऑफिसातले निवृत्त ड्राफ्ट्समन, मागे कोण कोण, एवढंच. तुम्ही चाळीस वर्षं जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स गाड्यांचा अभ्यास केलात हे त्यात नव्हतं. असतं तरी वाचणाऱ्याला गंमतच वाटली असती. ज्या माणसानं जन्मभर सायकल आणि नंतर एक जुनी स्कूटर चालवली, त्याला पहिल्या कॉर्व्हेट गाडीच्या तोंडातल्या जाळीचे दात तोंडपाठ होते. “तेरा,” तुम्ही सांगायचात. “विश्वास नसन तर मोज.” आणि मी मोजायची. तेराच भरायचे.

या गाड्यांच्या नादी तुम्ही कसे लागलात ते मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. खाणीतल्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली, त्यांचं कपाट रिकामं करताना इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा निघाला आणि नकाशे गुंडाळायला म्हणून तो तुमच्या टेबलावर आला. तुम्ही पान फाडायला घेतलंत आणि थांबलात. पानावर एक पांढरी गाडी होती. दोनच माणसं बसतील एवढी, वर छत नाही, आत लालभडक सीट. तुम्ही म्हणायचात, “आमच्या खाणीत सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारी राखेचा होते. अन् कोणीतरी एवढी पांढरी वस्तू रस्त्यावर फिरवाले बनवली! मले वाटलं, हे लोक पागल आहेत का काय. मंग म्हटलं, पाहू तर खरं.”

पाहणं असं सुरू झालं. दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या एसटीनं तुम्ही सावनेरहून नागपूरला यायचात. आधी बर्डीच्या बाजारातल्या रद्दीवाल्यांकडे, तिथून महाल भागात आमच्या घरी. खाकी पिशवीत दोन-तीन मासिकं असायची. कुठल्या बंगल्यातून निघालेली, कुठल्या वाचनालयानं काढून टाकलेली. ओल लागून पानं सुरकुतलेली असत. तुम्ही आईची इस्त्री मागून घ्यायचात, पानावर वर्तमानपत्र ठेवायचात आणि हळूहळू ती पानं सरळ करायचात. आई ओरडायची, “दादा, माह्यी इस्त्री जाळशील एखाद्या दिवशी!” तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “जळली तर नवी आणून देईन, पण हे पान मले दुसरं नाही भेटणार.”

मग तुमचं रजिस्टर निघायचं. ऑफिसातलं, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं. फोटोतल्या चाकावर तुम्ही पट्टी ठेवायचात. चाक केवढं असतं ते माहीत, मग त्यावरून गाडीची लांबी, उंची, दोन चाकांमधलं अंतर, सगळं काढायचं. फोटो तिरका असला की तुमचा आनंद दुप्पट. “फोटोले नीट विचारलं तर तो सांगते,” असं म्हणत तुम्ही पेन्सिलीला टोक करायचात. ज्या गाड्या तुम्ही कधी पाहिल्या नाहीत आणि पाहणार नव्हता, त्यांचे वरून, समोरून, बाजूनं असे तीन-तीन नकाशे तुम्ही काढलेत. त्या रजिस्टरात खाडाखोड नाही. एका पानावर चहाचा डाग आहे, तर त्याखाली तुम्ही बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘हा डाग माझा आहे, गाडीचा नाही.’

फक्त एका गोष्टीसाठी तुम्हाला मी लागायची. तुमचं इंग्रजी नकाशापुरतं होतं. आकडे, मापं, पाच-पन्नास शब्द. फोटोखालचा मजकूर, लेख, जाहिराती यांसाठी तुम्हाला तुमची भाची हवी होती, जी इंग्रजी शाळेत जात होती. मी वाचायची, मराठीत सांगायची, तुम्ही लिहून घ्यायचात. तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहायचात, त्या नजरेनं नंतर मला कुठल्याही वर्गानं पाहिलं नाही. आज मी इंग्रजी शिकवते ते त्या रविवारांमुळे. हे मी तुम्हाला सांगितलं होतं, एकदा, दिवाळीत. बरं झालं, निदान तेवढं तरी सांगितलं.

आता ते दुसरं, न सांगितलेलं.

मी आठवीत होते. रविवारची संध्याकाळ, शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर सिनेमा सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि खालून मैत्रिणी हाका मारत होत्या. तुमच्यासमोर एक मासिक उघडं होतं. दोन पानांवर पसरलेला एकच फोटो. मोठ्या हॉलमध्ये ती त्रेपन्न सालची पांढरी गाडी, पहिली कॉर्व्हेट, आणि तिच्याभोवती डोक्याला रुमाल बांधलेल्या सहा-सात बायका. शेजारच्या लेखात मी वाचलं की गाडीचं अंग पत्र्याचं नाही, काचेच्या धाग्यांचं आहे.

“काचेचं?” तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. “नीट वाच वं नंदे.”

“काचेच्या धाग्याचं, मामा. असंच लिहिलंय.”

“काचेले धागा असते का कधी? तू घाई करून राहिली.”

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. ते खरंच होतं, फायबरग्लासच होतं ते, पण तो शब्द तेव्हा ना मला माहीत होता ना तुम्हाला. तुमचा विश्वास बसेना आणि खालून हाका वाढल्या. मग त्या खऱ्यावर तुमचा विश्वास बसावा आणि माझी सुटका व्हावी म्हणून मी एक खोटं जोडलं.

“अहो, धागा आहे म्हणूनच तर या बायका आहेत. या विणकर आहेत. पहिल्या गाड्या यांनीच विणल्या. कापडाच्या गिरणीतून बोलावून आणल्या होत्या यांना.”

तुम्ही चष्मा काढलात. फोटोकडे बघत राहिलात.

“गिरणीतून?”

“हो.”

“माह्या मायसारख्या?”

तुमची माय, म्हणजे माझी आजी, तरुणपणी नागपुरातल्या गिरणीत सूत खात्यात होती. तुम्हा दोघा भावंडांना तिनं त्यावर वाढवलं. मला हे माहीत होतं. माझ्या डोक्यात विणकर बायका आल्या त्याही बहुधा तिथूनच.

“तसं लिहिलं आहे का?” तुम्ही विचारलंत.

मी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं. “हे बघा. असंच लिहिलंय.” तुम्ही माझ्या बोटामागे नजर नेलीत, शेवटपर्यंत. मग रजिस्टर ओढून लिहायला लागलात आणि मी जिना उतरून पळाले. सिनेमा कोणता होता ते आज आठवत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीनं एक खोटं सांगितलं, त्यात काय एवढं, असं तेरवीच्या दिवशी मला चार जणांनी सांगितलं. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण तुम्ही ती गोष्ट आजीला जाऊन सांगितलीत, मामा. मी तिथे होते. आजी ओसरीत बसली होती, तिची बोटं तेव्हाच वाकडी झालेली. तुम्ही मासिक तिच्या मांडीवर ठेवलंत. तिनं फोटोवर हात फिरवला आणि मला म्हणाली, “अमेरिकेच्या बायाबी गिरणीतल्याच का वं?” आणि लहान मुलीसारखी हसली. पुढे आल्यागेल्याला ती फोटो दाखवायची. आजी गेली ती ते खरं समजूनच. त्यानंतर ती गोष्ट माझी राहिली नव्हती. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, तुम्ही ती सांगायचात. मी मोठी झाले, शिकले, शिकवायला लागले. तुम्ही गोष्ट सुरू केली की मी स्वयंपाकघरात निघून जायची.

आता सात वर्षांपूर्वीचा तो दिवस.

त्याची कल्पनाही माझीच होती. कॉलेजातल्या मैत्रिणीचे यजमान जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळात होते. सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये ते महिन्यातून एकदा जमत. मी तुमचं रजिस्टर त्यांना दाखवलं, ते थक्क झाले, आणि तुमचं भाषण ठरलं. तुम्ही आठवडाभर झोपला नाहीत असं मामींनी फोनवर सांगितलं. मी गाडी घेऊन सावनेरला आले. तुम्ही पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. खिशात दोन पेन्सिली.

वाटेत तुम्ही म्हणालात, “सुरुवातीले सांगतो मी, का हे सगळं माह्या भाचीनं वाचून देल्लं म्हणून. तुह्या नावाशिवाय कसं सुरू करू?”

आणि मी म्हणाले, “नका सांगू, मामा. लोकांना वाटेल तुम्हाला इंग्रजी येत नाही.”

तुमच्या मानासाठी म्हणतेय असा माझा आवाज होता. खरं कारण ते नव्हतं. तिथे माझ्या ओळखीचे लोक असणार होते. इंग्रजी विभागाची प्रमुख म्हणून माझी ओळख करून देणार होते. रद्दीच्या मासिकांवर बोट फिरवणारी मुलगी त्या ओळखीत मला नको होती. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “बरं. नाही सांगत.”

तुम्ही फार छान बोललात, मामा. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगायला हवं होतं. पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते आणि तुम्ही हातातल्या पट्टीनं दाखवत होतात. अठ्ठावन्नची गाडी आणि एकोणसाठची गाडी, दोन्हींना पुढे चार-चार दिवे, अंग सारखंच. मग ओळखायची कशी? “याच्या बोनटवर पाहा जी, कपडे घासायच्या फळीवर असतात तशा आडव्या खाचा आहेत. मांगं डिक्कीवर दोन चमकत्या पट्ट्या. हे फक्त अठ्ठावन्नले. पुढच्या वर्षी काढून टाकल्या.” ज्यांच्या घरी खरोखरच्या जुन्या गाड्या होत्या ते लोक पुढे सरकून बघत होते. कोणीतरी टाळी वाजवली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला तुमचा अभिमान वाटत होता.

मग तो फोटो आला.

आवाज बदलला तुमचा. गिरणीतल्या विणकर बायकांनी ही पहिली गाडी कशी घडवली ते तुम्ही सांगितलंत, आणि मग तुमच्या मायबद्दलही दोन वाक्यं बोललात. ती तुम्ही आधी ठरवली नव्हती, मला कळलं.

पहिल्या रांगेतले निळ्या कोटातले एक गृहस्थ उठले. वाईट माणूस नव्हता तो. नम्रपणे म्हणाले, “काका, हे मी कुठेच वाचलं नाही. कुठे मिळालं तुम्हाला?”

“याच मासिकात आहे जी. फोटोच्या खालीच लिहिलं आहे.” आणि तुम्ही पिशवीतून ते मासिक काढून त्यांच्या हातात दिलंत. इतक्या विश्वासानं दिलंत.

त्यांनी ओळी मोठ्यानं वाचल्या. मग मराठीत सांगितलं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गाडी पाहायला आलेल्या पाहुण्या. बाहेर जोराचा वारा असल्यानं त्यांनी डोक्याला रुमाल बांधले आहेत. बस. मागून एक आवाज आला, “तो काका, ये बुनकर कहाँ से आ गए?” आणि हॉल हसला. फार नाही, दोन-तीन सेकंद.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेत आरोप नव्हता. फोटो समजला नाही की तुम्ही माझ्याकडे जसं बघायचात, तसंच बघितलंत. आता नंदा सांगेल, असं.

मी पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागले.

तुम्ही मासिक परत घेतलंत. म्हणालात, “माह्याच वाचण्यात फरक पडला असन. माह्यं इंग्रजी कच्चं आहे जी. माफ करा.” आणि पुढचा फोटो लावायला सांगितलंत. उरलेलं सगळं बोललात, एकही माप न चुकता.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. पाटणसावंगी मागे पडलं. मग तुम्ही म्हणालात, “रस्ता चांगला झाला वं हा.” मी म्हणाले, “हो ना.” घरी मामींनी विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणालात, “मस्त झालं. लोक लई होते.”

त्यानंतर तुम्ही माझ्याकडे मासिक आणलं नाहीत. एकही नाही. मी फोन केला की तुमचं, “तुले कॉलेजची कामं असतात, काहून त्रास देऊ?” महिनाभरानं मामींनी सांगितलं की तुम्ही जाडजूड डिक्शनरी आणली आहे आणि रोज जेवणानंतर खिडकीशी बसून एक-एक शब्द काढून वाचता. अडुसष्टाव्या वर्षी. “शाळेतल्या पोरावानी अभ्यास करून राहिले,” मामी हसून म्हणाल्या. मी फोनवर हसले आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. तुम्ही सगळं परत तपासत होता. तीस-पस्तीस वर्षांत मी जे जे सांगितलं होतं, ते सगळं.

संक्रांतीला मी आले तेव्हा रजिस्टर खिडकीत होतं. तुम्ही शेजारच्या घरी तिळगूळ द्यायला गेला होतात. मी ते उघडलं. जुन्या शाईच्या मजकुराशेजारी समासात पेन्सिलीनं नवं लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी ‘बरोबर’. काही ठिकाणी दुरुस्ती. माझ्या आणखी तीन थापा तुम्हाला सापडल्या होत्या, लहानसहान, कंटाळून ठोकून दिलेल्या. तिन्ही मला आठवतही नव्हत्या. आणि त्या फोटोच्या पानावर: ‘या बाया प्रदर्शन पाहणाऱ्या पाहुण्या आहेत. विणकर नाहीत.’ त्याखाली काही दिवसांनी लिहिलेलं, कारण पेन्सिलीचं टोक वेगळं होतं: ‘काचेच्या धाग्याचे थर साच्यात हातानं देत, असं दुसऱ्या अंकात आहे. हे काम बाया करत का? माहीत नाही. शोधणे.’

म्हणजे माझी लबाडी तुम्ही टाकून दिली नव्हती. तिच्यात खरं विचारण्यासारखं काही आहे का ते तुम्ही शोधत होता. पुढच्या पानांवर कारखान्याचे जितके फोटो तुम्हाला मिळाले त्यांची यादी होती आणि प्रत्येकापुढे, ‘बाया दिसत नाहीत.’ ‘दिसत नाहीत.’ ‘एक आहे, पण हातात कागद. ऑफिसची असावी.’

तुम्ही दारात आलात. “काय पाहून राहिली?”

“काही नाही,” मी म्हणाले आणि रजिस्टर होतं तसं ठेवलं.

तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी रोज यायची ती ठरवूनच. आज सांगायचं. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण डोकं ताजं. तुमच्या मोबाइलमध्ये एका फोटोचा फोटो होता, त्यात गाडीच्या मागे एक बाई उभी आहे आणि तिच्या झग्यानं डिक्की झाकली गेली आहे. बोनट उन्हात पांढरं पडलेलं. तुमचं म्हणणं अठ्ठावन्न, मी दोन वर्षांपासून म्हणत आले एकोणसाठ.

“दर वेळी एकोणसाठच म्हणते,” तुम्ही म्हणालात. “पुरावा सांग.”

“मला वाटतं.”

“वाटण्यावर गाडी नाही ठरत वं.”

तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही वाट उघडून दिली होती, निदान आज मला तसं वाटतं. खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणाले, “बरं, अठ्ठावन्न,” आणि तुम्ही चिडलात. पुराव्याशिवाय मी माघार घेतलेली तुम्हाला आवडली नाही. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. तो वाद तसाच राहिला. आपल्यात शेवटचं बोलणं झालं ते त्या बाईच्या झग्याबद्दल.

तेरवीला जेवणं झाल्यावर माणसं मंडपात बसली होती आणि तुमच्या आठवणी निघाल्या. प्रशांत, तुमचा मुलगा, मौद्याहून रजा काढून आलेला, रडून रडून डोळे सुजलेला, म्हणाला, “बाबांची ती गोष्ट कोणाले आठवते का? गिरणीतल्या बायाईनं विणलेली गाडी?” सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही ती सांगणं बंद केलं होतं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रशांतनं सांगायला सुरुवात केली, तुमच्यासारखेच हात करून.

मी उठले. पस्तीस जण तरी असतील. मी म्हणाले, “प्रशांत, ते खरं नाही. ते मी रचलं होतं. मामांना मी खोटं वाचून दाखवलं. आणि त्यावरून लोक त्यांना हसले तेव्हा मी तिथे बसून होते.”

मग कोणी म्हणालं, “अवं, लहान होती तू.” कोणी म्हणालं, “एवढं कायले मनाले लावून घेते?” प्रशांत उठून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “ताई, जाऊ दे नं.” इतक्या पटकन सगळ्यांनी मला सोडून दिलं की मला तिथे उभं राहवेना.

मी आत गेले. मामी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. बाहेरचं सगळं ऐकू आलं होतं त्यांना. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“ते मी रचलं हे मामांना माहीत होतं का?” मी विचारलं.

“डिक्शनरी आणली त्याच महिन्यात समजलं त्याईले,” त्या म्हणाल्या. “हसले होते वं! म्हणे, ‘पोरीनं सिनेमासाठी माह्या मायले अमेरिकेत पोचवलं.’ त्याचं काही नाही वाटलं त्याईले.”

मी श्वास सोडला असेन. मामींनी माझ्याकडे बघितलं.

“त्या हॉलमधलं वाटलं,” त्या म्हणाल्या. “एकदाच बोलले. ‘मले वाटलं नंदा उठन.’ बस. मंग कधी नाही काढलं.”

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवला असता तर मी त्यात तोंड लपवलं असतं. त्या उठल्या आणि उरलेला भात काढायला लागल्या. मी भांडी आवरू लागले.

मामा, तुम्ही मला माफ केलंत का, हे आता कोणाला विचारू? आणि खरं सांगायचं तर मी ते विचारत राहिले तर त्यातही स्वतःचीच सुटका शोधते आहे असं होईल. तुम्ही उठण्याची वाट पाहिलीत आणि मी पर्समध्ये हात घालून बसले, एवढंच घडलं. त्या निळ्या कोटातल्या गृहस्थांना मी मागच्या आठवड्यात फोन केला. ती चूक माझी होती, मामांची नव्हती, असं सांगितलं. त्यांना भाषण आठवत होतं, तुमचे नकाशे आठवत होते. चूक आठवत नव्हती. “काहीतरी झालं होतं खरं,” ते म्हणाले, “पण काका ग्रेट होते हं.” मी आभार मानून फोन ठेवला.

मागच्या रविवारी मी सावनेरला गेले होते. मामी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांनी आतून एक पाकीट आणलं. जाड खाकी कागद, दिल्लीच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकवाल्याचा शिक्का. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी मागवलेलं मासिक, पोस्टात रखडून आता आलेलं.

“मी नाही फोडलं,” मामी म्हणाल्या. “ते असते तर त्याईनं फोडलं असतं. आता तूच फोड अन् वाच. एवढी वर्षं ते त्यात काय पाहत, ते मलेबी समजू दे.”

मी पाकीट फोडलं. मुखपृष्ठावर दोन माणसांची एक लाल गाडी, डोंगरातल्या वळणावर. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. टायरची जाहिरात, पॉलिशची जाहिरात, संपादकाचं पत्र. मग पहिला फोटो आणि त्याखालच्या चार ओळी. वाचल्या, मराठीत सांगितल्या. एका शब्दाशी अडले तर तो मोबाइलवर शोधला.

मामींचे हात शेंगांवर थांबले. त्या पानाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

“असंच लिहिलं आहे नं वं?” त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी चारही ओळी परत वाचल्या, मनात, सुरुवातीपासून.

“हो, मामी. असंच लिहिलंय.”

त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. दुसऱ्या फोटोनंतर त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्यानंतरही. ऊन अंगणातून ओट्यावर चढेपर्यंत त्या विचारत राहिल्या आणि दर वेळी मी ओळ पुन्हा वाचून मगच हो म्हणत राहिले.